ॲपल–एफबीआय कूटबद्धीकरण विवाद

ॲपल–एफबीआय कूटबद्धीकरण विवाद हा ॲपल ही अमेरिकी कंपनी आणि एफबीआय ही अमेरिकेची संघीय तपास संस्था यांच्यात २०१६ साली झालेला कायदेशीर व सार्वजनिक वाद होय. कॅलिफोर्निया राज्यातील सान बर्नार्डिनो येथे २ डिसेंबर २०१५ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यातील एका हल्लेखोराचा आयफोन उघडण्यासाठी ॲपलने खास सॉफ्टवेअर तयार करून द्यावे, असा आदेश न्यायालयाने दिला. ॲपलने त्यास विरोध केला. सुनावणीच्या आदल्या दिवशी एफबीआयला अन्य मार्ग सापडला आणि आठवडाभरात शासनाने मागणी मागे घेतली. त्यामुळे मूळ कायदेशीर प्रश्नाचा निर्णय झाला नाही.

हा वाद एका फोनपुरता दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न व्यापक होता. नागरिकांच्या माहितीचे रक्षण करणारी कुलपे तपासासाठी कमकुवत करण्यास राज्यसंस्था त्या कुलपांच्या निर्मात्याला भाग पाडू शकते काय, हा तो प्रश्न. दहशतवादाचा प्रतिकार आणि नागरी स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालावा, या चर्चेत या प्रकरणाचा आजही वारंवार दाखला दिला जातो.

पार्श्वभूमी

कूटबद्धीकरण म्हणजेच एन्क्रिप्शन ही माहितीचे अनधिकृत व्यक्तीला न कळणाऱ्या रूपात रूपांतर करण्याची प्रक्रिया आहे. योग्य किल्ली जवळ असल्यास ती माहिती पुन्हा मूळ रूपात आणता येते. ही किल्ली म्हणजे एक मोठी संख्या असते. प्राचीन काळापासून राजदरबार आणि लष्कर गुप्त लिपींचा वापर करीत आले आहेत. १९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली आणि १९७७ साली आरएसए ही पद्धत तयार झाली. त्यानंतर भक्कम कूटबद्धीकरण सामान्य नागरिकाच्या आवाक्यात येऊ लागले. आज बँकेचे व्यवहार, भ्रमणध्वनीवरील संदेश, रुग्णालयातील नोंदी आणि ऑनलाइन खरेदी या सर्वांची सुरक्षितता कूटबद्धीकरणावर अवलंबून आहे.

राज्यसंस्था आणि कूटबद्धीकरण यांतील संघर्ष १९९० च्या दशकात तीव्र झाला. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हे ईमेल कूटबद्ध करणारे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. त्या काळी अमेरिकेत भक्कम कूटबद्धीकरणाची गणना निर्यातबंदी असलेल्या युद्धसामग्रीत होत असे. त्यामुळे झिमरमन यांची फौजदारी चौकशी झाली. ती १९९६ मध्ये आरोपपत्राविना बंद करण्यात आली. १९९३ मध्ये क्लिंटन प्रशासनाने ‘क्लिपर चिप’ची योजना मांडली. या चिपमधील किल्लीची प्रत शासनाकडे सुरक्षित ठेवली जाणार होती आणि कायदेशीर परवानगी मिळाल्यावर तपास संस्थांना ती वापरता येणार होती. १९९४ मध्ये संशोधक मॅट ब्लेझ यांनी या रचनेतील दोष दाखवून दिला आणि पुढे ही योजना बारगळली. या संघर्षाला इंग्रजीत ‘क्रिप्टो वॉर्स’ हे नाव रूढ झाले.

२०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या व्यापक पाळतीविषयीचे दस्तऐवज उघड केले. त्यानंतर तंत्रज्ञान कंपन्यांवर ग्राहकांचा विश्वास टिकवण्याचा दबाव वाढला. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या आयओएस ८ पासून आयफोनमधील बहुतांश माहिती वापरकर्त्याच्या पासकोडशी जोडलेल्या किल्लीने कूटबद्ध होऊ लागली. ही किल्ली ॲपलजवळ नसल्यामुळे, न्यायालयाचा आदेश असला तरी कंपनीला पूर्वीप्रमाणे फोनमधील माहिती काढून देता येईना. एफबीआयचे तत्कालीन संचालक जेम्स कोमी यांनी या स्थितीचे वर्णन ‘अंधारात जाणे’ असे केले. तपास यंत्रणेला माहिती मिळवण्याचा कायदेशीर अधिकार असतो, परंतु ती वाचण्याची क्षमता उरत नाही, असा त्याचा आशय होता.

हल्ला आणि तपास

२ डिसेंबर २०१५ रोजी सान बर्नार्डिनो येथील इनलँड रीजनल सेंटरमध्ये काउंटीच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचा कार्यक्रम सुरू असताना सय्यद रिझवान फारूक आणि त्याची पत्नी तश्फीन मलिक यांनी गोळीबार केला. त्यात १४ जण मृत्युमुखी पडले आणि २२ जण जखमी झाले. फारूक हा त्याच विभागाचा कर्मचारी होता. काही तासांनंतर पोलिसांशी झालेल्या चकमकीत दोघेही ठार झाले.

हल्लेखोरांनी आपले वैयक्तिक फोन आधीच नष्ट केले होते. फारूकला कामासाठी मिळालेला आयफोन ५सी मात्र तपासात हाती लागला. हा फोन काउंटीच्या मालकीचा होता. त्याची झडती घेण्यास काउंटीने संमती दिली होती आणि न्यायालयाचे झडती वॉरंटही मिळाले होते. वापरकर्ता मृत, मालकाची संमती आणि हाती वॉरंट अशी स्थिती असल्यामुळे त्या विशिष्ट फोनच्या झडतीच्या वैधतेविषयी वाद नव्हता. विवाद होता तो झडती शक्य करण्यासाठी ॲपलला काय करावे लागेल आणि त्याचा इतर फोनधारकांवर काय परिणाम होईल, याविषयी.

फोनमधील माहितीची आयक्लाउडवरील शेवटची प्रत १९ ऑक्टोबर २०१५ ची होती. ती ॲपलने तपास यंत्रणेला दिली. त्यानंतरच्या सुमारे सहा आठवड्यांची माहिती केवळ फोनमध्येच असण्याची शक्यता होती. फोन ओळखीच्या वायफाय जाळ्याशी जोडला असता, तर नवी प्रत आपोआप तयार होण्याचा संभव होता. परंतु हल्ल्यानंतर काही दिवसांतच एफबीआयच्या संमतीने काउंटीने आयक्लाउड खात्याचा पासवर्ड बदलला आणि हा मार्ग बंद झाला. ही चूक झाल्याचे कोमी यांनी पुढे काँग्रेससमोरील साक्षीत मान्य केले. कर्मचाऱ्यांचे फोन दुरून नियंत्रित करणारे सॉफ्टवेअर काउंटीने खरेदी केले होते, मात्र ते या फोनवर बसवलेले नव्हते. ते असते तर फोन उघडणे सोपे झाले असते.

फोनची सुरक्षारचना

या फोनमध्ये आयओएस ९ ही प्रणाली आणि चार अंकी पासकोड होता. चार अंकांचे एकूण १०,००० पर्याय होतात. सर्व पर्याय यंत्राने ओळीने वापरून पाहिले, तर योग्य पासकोड सापडणे अटळ असते. हा मार्ग रोखण्यासाठी आयफोनमध्ये तीन अडथळे होते. पहिला, काही चुकीच्या प्रयत्नांनंतर पुढील प्रयत्नासाठी वाढत जाणारा सक्तीचा विलंब. दुसरा, दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर माहिती कायमची अवाचनीय करण्याची सोय. ती सुरू असावी, असा तपास यंत्रणेचा अंदाज होता. तिसरा, पासकोड बोटाने पडद्यावरच टाकण्याची अट.

पासकोडचा प्रत्येक प्रयत्न तपासण्यास फोनच्या यंत्रणेला सुमारे ८० मिलिसेकंद लागत. तिन्ही अडथळे दूर झाले असते, तर १०,००० पर्याय पंधरा मिनिटांच्या आत तपासून झाले असते. सहा अंकी पासकोडचे १० लाख पर्याय तपासण्यास याच गतीने सुमारे २२ तास लागतात. अक्षरे व अंक यांचा लांब पासकोड असल्यास हा काळ अनेक वर्षांवर जातो. म्हणजेच लहान पासकोडची सुरक्षितता गणितापेक्षा या अडथळ्यांवर अधिक अवलंबून असते.

आयफोनवर चालणाऱ्या मूळ प्रणालीवर ॲपलची डिजिटल स्वाक्षरी असावी लागते. स्वाक्षरी नसलेली प्रणाली फोन स्वीकारत नाही. त्यामुळे अडथळे काढलेली प्रणाली एफबीआयने स्वतः लिहिली असती, तरी ती फोनवर चालली नसती. ॲपलचे सहकार्य अपरिहार्य आहे, या शासनाच्या दाव्यामागे हे तांत्रिक कारण होते.

न्यायालयाचा आदेश

१६ फेब्रुवारी २०१६ रोजी कॅलिफोर्नियाच्या मध्य जिल्ह्यातील संघीय न्यायालयाच्या दंडाधिकारी न्यायाधीश शेरी पिम यांनी ॲपलला तपास यंत्रणेस वाजवी तांत्रिक साहाय्य करण्याचा आदेश दिला. माहिती पुसणारी सोय निष्प्रभ करणे, पासकोड संगणकाद्वारे टाकता येण्याची व्यवस्था करणे आणि दोन प्रयत्नांमधील जादा विलंब काढून टाकणे ही तीन कामे त्यात अपेक्षित होती. हे सॉफ्टवेअर केवळ त्याच फोनवर चालेल असे बनवावे, असेही आदेशात नमूद होते. हरकत नोंदवण्यासाठी कंपनीला मुदत देण्यात आली.

आदेशाचा आधार ‘ऑल रिट्स ॲक्ट’ हा १७८९ सालचा कायदा होता. आपल्या अधिकारक्षेत्रातील कामासाठी आवश्यक किंवा उचित असलेले आणि कायद्याच्या तत्त्वांशी सुसंगत असलेले आदेश काढण्याची मुभा हा कायदा संघीय न्यायालयांना देतो. याच कायद्याखाली १९७७ साली न्यूयॉर्क टेलिफोन कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला क्रमांकनोंदणी यंत्र बसवण्यास साहाय्य करणे बंधनकारक ठरवले होते. शासनाची भिस्त प्रामुख्याने या निकालावर होती.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद

शासनाचे म्हणणे

शासनाच्या मते मागणी मर्यादित होती. एका मृत दहशतवाद्याचा एकच फोन उघडायचा होता, सॉफ्टवेअर ॲपलच्या आवारात राहू शकत होते आणि काम झाल्यावर ते नष्ट करण्यास हरकत नव्हती. १४ नागरिकांच्या हत्येचा तपास पूर्णत्वास नेणे हे शासनाचे कर्तव्य आहे. हल्लेखोरांना आणखी कोणाचे साहाय्य होते काय, हे जाणून घेण्याचा मृतांच्या नातेवाइकांना अधिकार आहे, असे कोमी व न्याय विभागाने मांडले. न्यायाधीशाच्या वॉरंटने घर, तिजोरी किंवा पत्रव्यवहार यांची झडती घेता येते. मग वॉरंटही पोहोचू शकणार नाही अशी जागा केवळ एखाद्या कंपनीच्या विक्रीधोरणामुळे का निर्माण व्हावी, असा या बाजूचा प्रश्न होता.

ॲपलचे म्हणणे

ॲपलचे मुख्य कार्यकारी अधिकारी टिम कुक यांनी आदेशाच्याच दिवशी ग्राहकांना उद्देशून खुले पत्र प्रसिद्ध केले. २५ फेब्रुवारी रोजी कंपनीने आदेश रद्द करण्याची विनंती न्यायालयाला केली. मागितलेल्या प्रणालीला कंपनीने ‘गव्हर्नमेंट ओएस’ या अर्थाचे नाव दिले. असे साधन एकदा निर्माण झाले की ते एका फोनपुरते राहणार नाही, तशाच मागण्यांची रांग लागेल आणि परदेशी शासनेही तीच मागणी करतील, असे कंपनीचे म्हणणे होते. या कामासाठी सहा ते दहा कर्मचाऱ्यांना दोन ते चार आठवडे द्यावे लागतील, असा अंदाज कंपनीने शपथपत्रात दिला.

कायद्याच्या दृष्टीने ॲपलचे तीन मुख्य मुद्दे होते. पहिला असा, की १९९४ च्या दूरसंचारविषयक कायद्याने काँग्रेसने कंपन्यांवरील साहाय्याच्या बंधनांना मर्यादा घातल्या आहेत. संसदेने न दिलेला अधिकार सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या सर्वसाधारण कायद्यातून काढता येणार नाही. दुसरा असा, की सॉफ्टवेअर लिहिणे ही अभिव्यक्ती आहे आणि शासनाच्या सांगण्यावरून ते लिहायला लावणे म्हणजे सक्तीची अभिव्यक्ती होय. त्यामुळे राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा भंग होतो. तिसरा असा, की एका खाजगी पक्षाला शासनाचे काम करण्यास असे जुंपणे पाचव्या दुरुस्तीतील उचित प्रक्रियेच्या हमीशी विसंगत आहे.

ब्रुकलिनमधील निर्णय

याच सुमारास न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे अमली पदार्थांच्या एका प्रकरणात शासनाने तोच कायदा वापरून ॲपलकडून एका आयफोनविषयी साहाय्य मागितले होते. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी दंडाधिकारी न्यायाधीश जेम्स ओरेन्स्टीन यांनी ती मागणी फेटाळली. शासनाने लावलेला अर्थ मान्य केल्यास काँग्रेसने ज्या विषयात अधिकार देण्याचे टाळले, तो अधिकार न्यायालयांच्या मार्फत कार्यकारी शाखेला मिळेल, असा त्यांच्या निर्णयाचा गाभा होता. हा निर्णय कॅलिफोर्नियातील न्यायालयावर बंधनकारक नव्हता. तथापि, अशी मागणी दहशतवादाच्या प्रकरणापुरती सीमित राहत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. मॅनहॅटनचे जिल्हा अभियोक्ता सायरस व्हॅन्स यांनीही आपल्या कार्यालयाकडे न उघडता येणारे १७५ हून अधिक आयफोन असल्याचे जाहीर केले होते.

प्रतिक्रिया

अमेरिकेतील जनमत विभागलेले होते. प्यू संशोधन केंद्राने फेब्रुवारी २०१६ मध्ये घेतलेल्या पाहणीत ५१ टक्के लोकांनी ॲपलने फोन उघडून द्यावा, असे मत दिले, तर ३८ टक्के लोकांनी विरोध केला. हल्ल्यात बळी पडलेल्यांचे काही नातेवाईक शासनाच्या बाजूने न्यायालयात गेले. एका जखमी महिलेच्या पतीने मात्र न्यायाधीशांना पत्र लिहून ॲपलच्या भूमिकेस पाठिंबा दिला.

गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक यांसह अनेक कंपन्या तसेच अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन व इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थांनी ॲपलच्या समर्थनार्थ न्यायालयात निवेदने सादर केली. संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार उच्चायुक्त झैद राद अल हुसेन यांनी असा पायंडा जगभरातील लोकांच्या मानवाधिकारांवर परिणाम करू शकतो, असा इशारा दिला. विशेष म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे माजी संचालक मायकेल हेडन यांनीही भक्कम कूटबद्धीकरण अमेरिकेच्या सुरक्षेच्या हिताचे असल्याचे मत व्यक्त केले.

१ मार्च २०१६ रोजी प्रतिनिधी सभागृहाच्या न्यायविषयक समितीपुढे कोमी, ॲपलचे विधी प्रमुख ब्रूस सिवेल, व्हॅन्स आणि संगणक सुरक्षातज्ज्ञ सुसान लँडाऊ यांच्या साक्षी झाल्या. स्मार्टफोन हे आता इतर खात्यांच्या प्रवेशाचे साधन बनले असल्याने ते असुरक्षित करणे राष्ट्रीय सुरक्षेलाच घातक ठरेल. त्याऐवजी तपास संस्थांनी आपली तांत्रिक क्षमता वाढवावी, असे लँडाऊ यांनी प्रतिपादन केले.

प्रकरणाची अखेर

सुनावणी २२ मार्च २०१६ रोजी ठरली होती. आदल्या दिवशी शासनाने, एका बाहेरच्या पक्षाने फोन उघडण्याचा संभाव्य मार्ग दाखवला आहे, असे सांगून सुनावणी पुढे ढकलण्याची विनंती केली. २८ मार्च रोजी फोनमधील माहिती मिळाल्याचे जाहीर करून मागणी मागे घेण्यात आली. त्यानंतर आलेल्या वृत्तांनुसार तपासाला कलाटणी देणारे काहीही त्या फोनमध्ये आढळले नाही. या कामासाठी सुमारे ९ लाख डॉलर मोजावे लागल्याचा उल्लेख २०१७ मध्ये सिनेटर डायन फाइनस्टाइन यांनी केला. २०२१ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हे काम अझिमथ सिक्युरिटी या ऑस्ट्रेलियन कंपनीने केल्याचे वृत्त दिले.

मार्च २०१८ मध्ये न्याय विभागाच्या महानिरीक्षकांचा अहवाल प्रसिद्ध झाला. कोमी यांची साक्ष त्यांना असलेल्या माहितीनुसार असत्य नव्हती, असा निष्कर्ष त्यात होता. तथापि, एफबीआयच्या अंतर्गत विभागांत पुरेसा संवाद नव्हता. ॲपलविरुद्ध न्यायालयात जाण्याच्या तोंडावर एका विभागाने बाहेरच्या कंपन्यांकडे विचारणा केली, तेव्हा त्यांपैकी एकीचे काम ९० टक्क्यांपर्यंत पूर्ण झालेले होते. म्हणजे ॲपलच्या साहाय्याविना फोन उघडणे अशक्य आहे, हे न्यायालयाला सांगण्यापूर्वी सर्व पर्याय तपासले गेले नव्हते. त्याच वर्षी, न उघडता आलेल्या फोनची सुमारे ७,८०० ही आपण सांगितलेली संख्या मोजणीतील त्रुटीमुळे फुगलेली होती, असे एफबीआयला मान्य करावे लागले.

नंतरच्या घडामोडी

एप्रिल २०१६ मध्ये सिनेटर रिचर्ड बर आणि डायन फाइनस्टाइन यांनी न्यायालयीन आदेशानुसार माहिती वाचनीय रूपात देणे कंपन्यांना बंधनकारक करणारा मसुदा मांडला. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. ६ डिसेंबर २०१९ रोजी फ्लोरिडातील पेन्साकोला नौदल हवाई तळावर सौदी हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थीने केलेल्या गोळीबारात तिघे जण ठार झाले. हल्लेखोराच्या दोन आयफोनवरून ॲटर्नी जनरल विल्यम बार आणि ॲपल यांच्यात पुन्हा वाद झाला. मे २०२० मध्ये एफबीआयने ते फोन ॲपलच्या साहाय्याविना उघडले. त्यातून हल्लेखोराचे अरबी द्वीपकल्पातील अल कायदाशी असलेले संबंध उघड झाले. फोनमधील माहिती तपासात किती मोलाची असू शकते, याचे हे उदाहरण आहे. त्याचबरोबर, ती मिळवण्यास लागलेले सुमारे पाच महिने हीदेखील तपासाची खरी हानी आहे, असे तपास संस्थांनी निदर्शनास आणले.

इतर देशांनी निरनिराळे मार्ग स्वीकारले. ब्रिटनच्या २०१६ च्या अन्वेषण अधिकारविषयक कायद्याने कंपन्यांना तांत्रिक क्षमता उभारण्याची गुप्त नोटीस देता येते. अशा नोटिशीच्या वृत्तानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने ब्रिटनमधील ग्राहकांसाठी आयक्लाउडची सर्वांत कडेकोट सुरक्षा सुविधा मागे घेतली. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१८ मध्ये कंपन्यांना साहाय्य करण्यास भाग पाडणारा कायदा केला. मात्र संपूर्ण यंत्रणेत दुर्बलता निर्माण करण्यास त्यात मनाई आहे. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२४ रोजी पोदचासोव्ह विरुद्ध रशिया या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. दहशतवादाशी संबंधित कृत्यांच्या संशयावरून टेलिग्रामच्या सहा वापरकर्त्यांचे संदेश उलगडून द्यावेत, असा आदेश रशियन सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये दिला होता. काही व्यक्तींसाठी असे करणे सर्व वापरकर्त्यांची सुरक्षा दुर्बल केल्याविना शक्य नसल्याने हे बंधन प्रमाणाबाहेर आहे, असे न्यायालयाने ठरवले.

चोरदरवाज्याचा प्रश्न

सुरक्षायंत्रणेत मुद्दाम ठेवलेल्या गुप्त प्रवेशमार्गाला ‘बॅकडोअर’ म्हणतात. मराठीत त्यास ‘चोरदरवाजा’ हा शब्द चपखल आहे. डोंगरी किल्ल्यांच्या तटात असे दरवाजे असत. ते संकटकाळी उपयोगी पडत. परंतु त्यांचा ठावठिकाणा शत्रूला कळला, तर तोच किल्ल्याचा सर्वांत दुबळा भाग ठरे. संगणकीय यंत्रणांतील चोरदरवाज्याचा मोठा दोष असा, की एका ठिकाणी उघड झालेले रहस्य त्या प्रकारच्या सर्व यंत्रांना एकाच वेळी लागू पडते.

हा धोका केवळ तात्त्विक नाही. २००४-०५ मध्ये ग्रीसमधील व्होडाफोनच्या जाळ्यात कायदेशीर दूरध्वनी-श्रवणासाठी असलेली यंत्रणा अज्ञातांनी ताब्यात घेऊन पंतप्रधानांसह शंभराहून अधिक व्यक्तींचे फोन ऐकले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने स्वतःपाशी राखून ठेवलेले विंडोज प्रणालीतील एक दोषसाधन बाहेर फुटले आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने त्याचा वापर करून ब्रिटनमधील रुग्णालयांसह अनेक देशांतील यंत्रणा ठप्प केल्या. २०२४ मध्ये ‘सॉल्ट टायफून’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चीनशी संबंधित गटाने अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत शिरकाव केल्याचे उघड झाले. कायदेशीर श्रवणाच्या यंत्रणाही त्यात लक्ष्य झाल्या होत्या. त्यानंतर अमेरिकी शासकीय संस्थेनेच महत्त्वाच्या पदांवरील व्यक्तींना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेली संदेशसेवा वापरण्याचा सल्ला दिला.

भारतातील संदर्भ

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवादी आणि पाकिस्तानातील त्यांचे सूत्रधार यांच्यातील संभाषणे भारतीय यंत्रणांनी हल्ला सुरू असतानाच ऐकून ध्वनिमुद्रित केली. ही संभाषणे कटाचा महत्त्वाचा पुरावा ठरली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात त्यांचा विस्ताराने विचार झाला. संभाषण ऐकता येण्याचे मोल किती असते, हे मुंबईने प्रत्यक्ष अनुभवले आहे. याच काळात ब्लॅकबेरीच्या कूटबद्ध संदेशसेवेवरून भारत शासन व कंपनी यांच्यात दीर्घ वाद झाला. ऑगस्ट २०१० मध्ये शासनाने सेवा बंद करण्याचा इशारा दिला. पुढे कंपनीने मुंबईत सर्व्हर उभारला आणि २०१३ पर्यंत तडजोड झाली. कंपन्यांच्या अंतर्गत ईमेलच्या किल्ल्या खुद्द ब्लॅकबेरीकडेही नसल्याने त्या मात्र मिळू शकल्या नाहीत.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ नुसार देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, सुरक्षितता इत्यादी कारणांसाठी माहिती उलगडण्याचा आदेश शासन देऊ शकते. साहाय्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ॲपलच्या खटल्यात अमेरिकी शासनाला जुन्या सर्वसाधारण कायद्याचा आधार घ्यावा लागला, तर भारतात त्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. दुसरा महत्त्वाचा फरक असा, की अमेरिकेत आदेशासाठी न्यायाधीशाकडे जावे लागते. भारतात हा आदेश गृहसचिव स्तरावरील अधिकारी देतात आणि त्याचे पुनर्विलोकन प्रशासकीय समिती करते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएल खटल्यात दूरध्वनी-श्रवणाला कार्यपद्धतीची बंधने घातली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने घोषित केले. या अधिकारावरील निर्बंधास कायद्याचा आधार, उचित हेतू आणि प्रमाणबद्धता आवश्यक आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. त्याचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातील दूरध्वनी-श्रवणाचे आदेश रद्द केले. त्या प्रकरणात सार्वजनिक सुरक्षिततेला धोका असल्याचे दिसत नव्हते.

फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांना, ठरावीक गंभीर गुन्ह्यांत आदेश मिळाल्यास संदेशाचा पहिला प्रेषक शोधून देणे बंधनकारक केले. त्यासाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन मोडावे लागेल, असे सांगून व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये या नियमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. संदेशाचा मजकूर मागितलेला नाही आणि अफवा, हिंसा व दहशतवाद रोखण्यासाठी उगम कळणे आवश्यक आहे, अशी शासनाची भूमिका आहे.

मूल्यमापन

या विवादाचे वर्णन अनेकदा ‘सुरक्षा विरुद्ध स्वातंत्र्य’ असे केले जाते. अभ्यासकांच्या एका गटाला ही मांडणी अपुरी वाटते. कूटबद्धीकरण स्वतःच चोरी, खंडणी आणि परकीय हेरगिरी यांपासून नागरिकांचे रक्षण करते. म्हणून दोन्ही पारड्यांत सुरक्षाच आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दुसऱ्या गटाच्या मते तपासाची गरज कमी लेखणे हा बळी पडलेल्यांवर अन्याय आहे. कोणत्याही न्यायाधीशाच्या आदेशापलीकडे राहणारी माहिती ही लोकशाहीत नवी गोष्ट असून तिच्या परिणामांचा विचार खाजगी कंपन्यांवर सोपवता येणार नाही, असे हा गट मानतो.

दोन्ही गटांना मान्य होऊ शकेल असा तिसरा मार्ग म्हणून ‘कायदेशीर हॅकिंग’कडे पाहिले जाते. त्यात सर्वांची कुलपे कमकुवत न करता, न्यायालयाच्या परवानगीने विशिष्ट संशयिताच्या यंत्रातील आधीच असलेल्या दोषाचा वापर केला जातो. सान बर्नार्डिनो आणि पेन्साकोला या दोन्ही प्रकरणांत शेवटी हेच घडले. परंतु हा मार्ग खर्चिक व वेळखाऊ आहे. शिवाय दोष दुरुस्त करवून घेण्याऐवजी गुप्त ठेवण्याचा मोह शासनाला होतो, हे वॉनाक्रायने दाखवले. असे दोष विकणारी खाजगी बाजारपेठही त्यातून वाढीस लागते.

निर्माता कंपनीला स्वतःचीच सुरक्षारचना मोडण्यास भाग पाडता येते काय, या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय या प्रकरणातून आला नाही. २०१६ चा आदेश मागे घेतला गेल्याने कोणताही बंधनकारक पायंडा पडला नाही.

हेही पहा

एडवर्ड स्नोडेन
खाजगीपणाचा अधिकार
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
२००८ चा मुंबईवरील दहशतवादी हल्ला